पाचवी सवलत

दुष्काळ जाहीर करणारा शासन निर्णय हा आपल्याकडे सर्वांत आतुरतेने वाचला जाणारा सरकारी मजकूर असावा. समीक्षा मात्र त्याची कोणी करत नाही. तालुका यादीत आहे की नाही एवढे पाहून कागद घडी करून ठेवला जातो. 31 ऑक्टोबर 2018 रोजी राज्यातील 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हाचा निर्णय मी मजकूर म्हणून वाचायला घेतला. त्याच्या आधीचे आणि नंतरचे, म्हणजे 2023 मध्ये 40 तालुक्यांसाठी निघालेल्या निर्णयापर्यंतचे कागदही शेजारी ठेवले. यादीतले तालुके बदलतात. सवलती आठच राहतात. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, पिण्याच्या पाण्यासाठी टँकर, आणि शेतीपंपाची वीज न तोडणे.

आठांतली पाचवी मुलांच्या शिक्षणाविषयी आहे. शिक्षणाविषयी म्हणावे तर तेवढीच आहे. तिचा अर्थ नीट लावून पाहू.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर पहिली ते आठवीच्या मुलाला सरकारी शाळेत शुल्कच नाही, तेव्हा माफी कशाची होणार? राहिली दहावी, बारावी आणि महाविद्यालये. बोर्डाचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरले जातात, त्यामुळे निर्णय हातात येईपर्यंत बहुतेकांचे पैसे भरून झालेले असतात आणि माफी म्हणजे पुढे कधीतरी खात्यावर परत येणारी रक्कम. ही रक्कम नको असे मी म्हणत नाही. मजुरी आटलेल्या घरात चारशे-पाचशे रुपयेही मोजावे लागतात. पण ज्या मुलीने जानेवारीतच शाळा सोडली तिला परीक्षेची फी माफ करून काय मिळाले? ही सवलत परीक्षेला बसणाऱ्यासाठी आहे. दुष्काळात प्रश्न असतो तो परीक्षेपर्यंत न पोचणाऱ्याचा, आणि त्याहून धाकट्या, परीक्षाच नसलेल्या मुलाचा.

हा निष्काळजीपणा आहे असे मानून सोडून देणे सोपे आहे. मला तो वारसा वाटतो. आपल्या दुष्काळी प्रशासनाचा पाया 1880 च्या दुष्काळ आयोगाने आणि त्यानंतरच्या फॅमिन कोडांनी घातला. त्या संहितांना मूल दिसत होते, पण दोनच रूपांत: कामावर खडी वाहणारा हात म्हणून, नाहीतर कामावरच्या मजुरावर अवलंबून असलेले तोंड म्हणून. त्या काळी खेड्यातल्या बहुतेक मुलांना शाळाच नव्हती, म्हणून संहितेला दोष देण्यात अर्थ नाही. पण शाळा गावोगाव आल्यावरही नजर तीच राहिली. 1972-73 च्या दुष्काळात मे 1973 च्या सुमारास राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. त्या काळाच्या आठवणी आमच्या जिल्ह्यात अजून जिवंत आहेत: मिलो, सुकडी, खडी फोडणे, पाझर तलाव. वर्ग कसे चालले होते हे त्या आठवणींत क्वचित येते. सुकडी मिळाली म्हणजे मुलांचे पाहिले गेले, अशी समजूत तेव्हा पक्की झाली. पुढे रोजगार हमीचा कायदा आला, 2005 चा केंद्राचा कायदा आला; त्यात सहा वर्षांखालची पाच किंवा त्याहून जास्त मुले कामावर असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी अशी चांगली तरतूद आहे. सहाच्या पुढचे मूल शाळेत असणार असे कायदा धरून चालतो.

मग दुष्काळ आहे हे ठरते कशावर? पूर्वी पैसेवारीवर. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेनंतर पर्जन्यमान, पिकांच्या हिरवेपणाचे उपग्रहावरून काढलेले निर्देशांक, जमिनीतील ओलावा, पेरणीक्षेत्र, धरणे आणि भूजल. ही मोजणी जुन्या पैसेवारीपेक्षा शास्त्रीय आहे, यात वाद नाही. मात्र त्या निर्देशांकांत माणूस कुठेच नाही, मूल तर दूरच. जमिनीला तहान लागली हे उपग्रह सांगतो. घर उठून गेले हे सांगायला शाळेचे हजेरीपत्रक पुरते, आणि ते कोणी मागत नाही.

सरकारला मोजता येत नाही असे कोणी म्हणू लागले तर मी त्याला 2019 च्या चारा छावण्या दाखवीन. नगर जिल्ह्यात त्या उन्हाळ्यात छावण्यांचे जाळेच पसरले होते. मोठ्या जनावरामागे रोजचे अनुदान 90 वरून 100 रुपये झाले, लहान जनावरामागे 45 वरून 50. हिरवा चारा किती किलो, पेंड किती, पाणी कुठून, सारे लिहून दिलेले. जनावराच्या कानाला बिल्ला, बिल्ल्यावर बारकोड, रोज हजेरी. संख्या फुगवल्याबद्दल चौकशा झाल्या, म्हणजे हजेरी तपासलीही गेली. जनावराच्या गरजेचे इतके नेमके मोजमाप आपल्या महसूल यंत्रणेने काही महिन्यांत उभे केले, आणि ते आवश्यकच होते. दावणीची गाय गेली तर पुढची दहा वर्षे घर उभे राहत नाही. पण त्याच छावणीत गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली घरेही राहत होती. आजी, सून, दोन पोरे. गायीला दोनदा पाणी दाखवणे, वैरण ओढून आणणे, शेणाची पाटी टाकणे ही कामे पोरांची. त्या पोरांना ना बिल्ला, ना हजेरी. छावणीच्या कागदात त्यांची नोंद करायला रकानाच नव्हता. एकच रकाना वाढवला असता, छावणीत मुक्कामी मुले किती आणि त्यांची शाळा कुठली, तर जिल्ह्याला त्या वर्षीच्या शैक्षणिक नुकसानीचा पहिला खरा आकडा मिळाला असता.

न्यायालयाने मात्र दुष्काळ आणि मूल यांचा सांधा दोनदा जोडला. 20 एप्रिल 2004 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही माध्यान्ह भोजन द्यावे असे सांगितले. 2016 मध्ये स्वराज अभियानच्या याचिकेवर पुन्हा तेच सांगावे लागले, त्या निकालाची तारीख 13 मे. आपल्याकडे मेच्या मध्यावर सुट्टी ऐन भरात असते. आदेश खाली झिरपून स्वयंपाकिणीपर्यंत येईतो जून उजाडतो. शिवाय ज्या शाळेत आड आटला आहे तिथे खिचडी शिजवायला पाणी कोण आणणार, हा साधा प्रश्न तालुक्याच्या टँकर आराखड्यात वेगळा विचारला जात नाही. तरीही हा सांधा मोलाचा आहे. त्याची मर्यादा एवढीच की तो ताटापाशी थांबतो, पाटीपर्यंत येत नाही.

इथे कोणी म्हणेल की जगात यासाठी तयार साधने आहेत, ती घ्यावीत. आहेत. आणीबाणीतील शिक्षणाची किमान मानके आयएनईई या आंतरराष्ट्रीय जाळ्याने 2004 मध्ये प्रसिद्ध केली, 2010 आणि 2024 मध्ये सुधारली. युनिसेफ आणि सेव्ह द चिल्ड्रन यांच्या पुढाकाराखालील शिक्षण गटाने 2010 मध्ये शिक्षणविषयक गरजांच्या संयुक्त पाहणीची साधने तयार केली. या कागदांतला एक विचार मला फार महत्त्वाचा वाटतो: अन्न, पाणी, निवारा यांच्या नंतर कधीतरी शिक्षण, असा क्रम लावू नका, पहिल्या पाहणीतच शाळेचा प्रश्न विचारा. आपल्याकडे हे अजून पटलेले नाही.

पण ही साधने उसनी आणून इथे चालवायची म्हटले की दोन ठिकाणी अडतात. पहिली अडचण तारखेची. त्यांची बहुतेक प्रश्नावली आधी आणि नंतर या दोन खांबांवर उभी आहे. भूकंपाला ते लागू पडते. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाला. त्याच्या आधी शाळा होती, नंतर ढिगारा होता. त्या वेळी भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 मुले पुण्याला शिक्षणासाठी आणली, कारण गरज कोणालाही दिसत होती. कोल्हापूर-सांगलीच्या 2019 च्या महापुरातही पाणी कधी चढले, कधी उतरले हे सांगता येते. (त्या पुराच्या मदतीत कपडे आणि भांडी यांसाठी ठरावीक रक्कम होती, कारण आपत्ती मदतीच्या निकषांत ती नोंद आहे, भिजलेल्या दप्तराची नोंद त्या निकषांत नाही, ती देणगीदारांच्या दयेवर.) दुष्काळाला अशी तारीख नसते. तो कुठल्या दिवशी वर्गात शिरला हे कोणत्याही मुख्याध्यापकाला विचारा, सांगता येणार नाही. भिंत पडत नाही, फळा जागेवर असतो, घंटा वाजते. पट हळूहळू विरळ होतो.

दुसरी अडचण मोठी आहे. या पाहण्या शाळेत किंवा छावणीत जाऊन होतात. मुख्याध्यापकाला विचारायचे, वर्ग पाहायचे, पालकांशी बोलायचे. दुष्काळात ज्या मुलाची गरज मोजायची आहे ते नेमके तिथे नसते. हे कळायला आमच्या कोल्हारसारख्या गावात बसून पाहावे लागते. प्रवरेचे पाणी आणि भंडारदऱ्याचे कालवे यांमुळे आमचा पट्टा उसाचा. शेजारी प्रवरानगरला सहकारी कारखाना 1950 पासून. आमच्याकडे दुष्काळ येतो तो दुसऱ्याच्या गावाहून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, बीडकडच्या टोळ्या नगर-मनमाड रस्त्याने येतात, पाचटाच्या कोप्या पडतात, आणि कोयत्याबरोबर लेकरेही येतात. धाकटी वाढे गोळा करतात, थोरली मोळ्या बांधतात, मधली त्याहून धाकट्याला सांभाळतात. ज्या वर्षी त्यांच्या गावी पाऊस पडलेला नसतो त्या वर्षी घरी ठेवायला आजी-आजोबाही मागे राहत नाहीत, सगळेच येतात.

आता एक तारीख लक्षात घ्यावी: 30 सप्टेंबर. शाळेचा पट, शिक्षकांची संच मान्यता, जिल्ह्याची शैक्षणिक आकडेवारी वर्षानुवर्षे याच दिवसाच्या पटावर उभी राहिली. त्या दिवशी हे मूल त्याच्या गावच्या वर्गात बसलेले असते. दोन-तीन आठवड्यांनी ते इथे फडात असते. गावच्या हजेरीपत्रकावर त्याचे नाव असते, इथल्या पत्रकावर नसते, आणि वार्षिक आकडेवारीत ते शिकत असते. दुष्काळाची शिक्षणावरची झळ ऑक्टोबर ते मे या महिन्यांत बसते, आणि आपण मोजतो सप्टेंबरात.

उपाय झाले नाहीत असे नाही. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली, शिक्षण हमी कार्ड आले, 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना आली. शिक्षणहक्क कायद्याचे पाचवे कलम तर सांगते की मूल दुसऱ्या शाळेत गेले तर दाखला लगेच द्या, आणि दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारू नका. पण यांपैकी प्रत्येक उपायाला आधी संख्या लागते. वसतिगृहात किती खाटा, फडाजवळच्या शाळेत किती जादा पुस्तके, हे गरज मोजल्याशिवाय कसे ठरणार? अंदाजाने ठरते, आणि अंदाज गेल्या वर्षीचा असतो.

यावर शिक्षकांचे म्हणणे मी ऐकून आहे, आणि ते रास्त आहे: आणखी एक तक्ता नको. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तीन दिवस, हाताच्या बोटांवर शाई लावून. खोटे पट शोधण्यासाठी ती होती, आणि खोटे पट सापडलेही. पण त्या मोहिमेने एक बिघाड केला. तेव्हापासून पट मोजणे म्हणजे शिक्षकाला पकडणे, असा धसका बसला. गैरहजर मूल लिहिले की आपली जागा जाईल, ही भीती असेतोवर दुष्काळात खरी गैरहजेरी कोणीही लिहिणार नाही. म्हणून पहिली गोष्ट तक्त्याची नाहीच, शासन निर्णयातल्या एका वाक्याची आहे: दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यात त्या वर्षी घटलेली हजेरी संच मान्यतेसाठी धरली जाणार नाही. हे वाक्य पाचव्या सवलतीला जोडून लिहिता येते आणि त्याला तिजोरीतून रुपया लागत नाही.

ते लिहिले की मग विचारायचे ते थोडे आहे. पटावर असून महिनाभर न आलेली मुले किती, आणि ती कुठल्या तालुक्यात गेली हे शेजाऱ्यांनी काय सांगितले. आलेल्यांपैकी पाण्याच्या फेरीमुळे किंवा गुरांमुळे उशिरा येणारी किती, त्यांत मुली किती. शाळेत शिजवायला पाणी कोण आणते. आणि आमच्यासारख्या पाण्याच्या गावांत एक उलटा प्रश्न: शाळेच्या हद्दीत कोप्या, छावण्या किती, त्यांत शाळेच्या वयाची मुले किती, नावे कुठल्या शाळेत. दोन्हीकडचे कागद समोरासमोर ठेवले की हरवलेले मूल सापडते. हे जानेवारीत एकदा आणि मार्चमध्ये एकदा केंद्रशाळेच्या मासिक बैठकीत गोळा होऊ शकते. बैठक तशीही होतेच, आणि फडातली टोळी तोवर हललेली नसते.