फुलपाखरू दिसले, पुढे काय?

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग शाळांच्या सहलींना परिचित आहे. तिचे खरे मोल मधाच्या फुलांपेक्षा खाद्य-वनस्पतींत आहे. मादी ज्यांवर अंडी घालते आणि अळी ज्यांची पाने खाते, ती झाडे राखली तरच फुलपाखरे टिकतात. हे वाडीत चांगले समजते.

उणीव आहे ती आपल्या सहलीत. दोन तासांत मुले रंग पाहतात, नावे उतरवून घेतात आणि बस सुटते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सुमारे ३-४ आठवड्यांचा प्रवास एका फेरीत कसा दिसणार?

त्यासाठी लांब जायला नको. कल्याण-डोंबिवलीत पडीक जागी रुई उगवते. तिच्या पानांवर ‘प्लेन टायगर’ फुलपाखराची मादी एकेक सुटे अंडे घालते. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी रुईतील विषारी द्रव्ये अंगात साठवते. म्हणून पक्षी तिला आणि पुढे फुलपाखरालाही सहसा टाळतात. शाळेचे आवार ‘स्वच्छ’ करताना नेमकी हीच रुई आपण उपटतो!

एक झुडूप राखावे. पान न तोडता, चीक डोळ्यांत जाणार नाही ही काळजी घेऊन मुलांनी रोज अळीची लांबी तारीखवार नोंदवावी. अळी मध्येच नाहीशी झाली, तर तेही लिहावे. महिन्याभराने ती वही घेऊन वाडीत जावे. मग मुले नुसती नावे विचारणार नाहीत. ‘हिची अळी कोणत्या झाडावर?’ असे विचारतील.