शिंपीण कोण?

मुलुंडला आमच्या शेजारच्या इमारतीत तळमजल्याच्या खिडकीला एक पाटी टांगलेली आहे : ‘येथे ब्लाऊज शिवून मिळतील. फॉल-पिको करून मिळेल.’ अशा पाट्या घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत गल्लोगल्ली दिसतात. दोन्ही वाक्यांत कर्ता नाही. शिवणारी कोण, ते वाचणाऱ्याने ओळखायचे. हमरस्त्यावरच्या दुकानावर मात्र ‘लेडीज टेलर’ असे ठळक लिहिलेले असते आणि आत गळ्यात टेप अडकवून पुरुष उभा असतो. तिथे ‘लेडीज’ हे गिऱ्हाइकाचे विशेषण, कारागिराचे नव्हे. मग शिवणाऱ्या बाईला मराठीत शब्द कोणता?

‘शिंपीण’ आहेच की, असे कोणीही म्हणेल. पण जरा थांबावे. ‘शिंपी’ हा शब्द संस्कृत ‘शिल्पिन्’पासून प्राकृत ‘सिप्पि’च्या वाटेने आला, ही व्युत्पत्ती मला पटते. म्हणजे मुळात तो नुसता कारागीर. सुईदोऱ्याचा त्यात मागमूस नाही. अमरकोशात शिंप्यासाठी ‘तुन्नवाय’ आणि ‘सौचिक’ हे शब्द आहेत. ‘सौचिक’मध्ये सूची, म्हणजे सुई, उघड दिसते, पण मराठीत टिकला तो सुई नसलेला शब्द. पुढे तो जातीला चिकटला. नामदेवांची जात आपण ‘शिंपी’ म्हणून सांगतो. ते शिवत किती होते, हे कोणी विचारत नाही. त्यामुळे ‘शिंपीण’ म्हणजे शिंप्याची बायको किंवा त्या जातीची बाई. तिने आयुष्यात सुईत दोरा ओवला नसला तरी ती शिंपीण. आणि दुसऱ्या जातीच्या बाईने तीस वर्षे मशीन चालवले तरी ती शिंपीण होत नाही. उलट तिला तसे म्हटले तर तिची जात बदलल्यासारखे वाटते.

याचे खापर ‘ईण’ या प्रत्ययावर फोडले जाते. ते मला मान्य नाही. कोळीण म्हणजे कोळ्याची बायको, हे खरे. पण टोपली घेऊन दारात येणारी, भाव करणारी, प्रसंगी चार शब्द सुनावणारी बाईही कोळीणच. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देते, तेव्हा तिचा नवरा काय करतो याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. मोलकरणीचेही तेच. ज्या बायकांचे काम रस्त्यावर किंवा दुसऱ्याच्या दारात दिसले, त्यांच्या ‘ईण’ला स्वतःच्या धंद्याचा अर्थ आला. शिवणटिपण घरात, खिडकीशी, स्वयंपाक आवरल्यावर व्हायचे. ते दिसले नाही.

इथे एक चकवा सांगायला हवा, कारण मीही त्यात वर्षभर फसलो होतो. ‘सुईण’ हा शब्द सुईवरून आला असावा आणि पूर्वी तो शिवणारणीचा असावा, असा तर्क मी वहीत लिहून ठेवला होता. तो साफ चुकीचा. सुईणीच्या मुळाशी ‘सू’, म्हणजे प्रसवणे, हा धातू आहे. सूतिका आणि सूतक त्याच घरातले. सुई आली ‘सूची’पासून. दोन्ही शब्द मराठीत येईपर्यंत झिजून सारखे दिसू लागले, इतकेच. ‘शिवणे’चेही असेच आहे : टाका घालणे तो ‘सीव्’पासून आणि स्पर्श करणे तो प्राकृत ‘छिवइ’पासून. माप घेताना मात्र दोन्ही एकत्र येतात, म्हणून अजून पुष्कळ बायका मापाचा जुना ब्लाऊज देऊन मोकळ्या होतात.

परके शब्दही कामाला येत नाहीत. ‘दर्जी’त फारसी ‘दर्ज़’, म्हणजे शिवण, आहे. ‘टेलर’च्या मुळाशी फ्रेंचमधले कापणे आहे. आपल्याकडे कापतो तो मास्टर. बेतणाऱ्याला मान आणि टीप मारणाऱ्याला नगावर मजुरी, ही उतरंड त्या शब्दातच बसली आहे. काजेबटण आणि हेम करणारीला तर त्याहून कमी.

सार्वजनिक भाषेत ही बाई एकदाच प्रकट होते : ‘गरजू महिलांना शिलाई मशीन वाटप’ या फलकावर. मशीन मिळेपर्यंत ती गरजू असते, मिळाल्यावर लाभार्थी. कारागीर कधीच नाही. घरी बसून दुसऱ्यासाठी काम करणाऱ्यांकरिता आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ज्यांना नाव नाही त्यांचा दर ठरवणे अवघडच.

पाटीवाल्या त्या काकूंकडे मी मुद्दाम गेलो. मुलाच्या कॉलेजचा अर्ज टेबलावर होता. ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात मुलाने ‘गृहिणी’ लिहिले होते. त्याच्या फीचा पहिला हप्ता त्याच मशीनवर उभा राहिला होता. मी विचारले, “तुम्ही स्वतः काय लिहिलं असतं?”

त्यांनी पायटा थांबवला नाही. “लिहायचं काय त्यात? मी शिवते.”

शिवतो नाही, शिवते. नामाने जे नाकारले ते क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात होते. रकान्यात मात्र नाम लागते. निघताना मी विचारले, ‘शिवणकार’ लिहिले तर चालेल का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आधी तुमच्या शर्टाचं बटण आणा इकडे, लोंबतंय.”