ताराबोत्तीचे दोन मठ : संमतीचा प्रश्न

सतराव्या शतकातील व्हेनिसमध्ये विवाहाचा हुंडा मठात द्याव्या लागणाऱ्या रकमेपेक्षा कितीतरी मोठा असे. कुळाची मालमत्ता विभागली जाऊ नये, यासाठी अनेक मुलींची रवानगी मठात होई. एलेना कास्सांद्रा ताराबोत्ती (१६०४-१६५२) ही त्यांपैकीच एक. सांत'आन्ना मठात १६२३ मध्ये आजन्म व्रतबद्ध झालेली ही लेखिका आर्कांजेला या धर्मनामाने ओळखली जाते.

तिच्या लेखनात वरकरणी विसंगती दिसते. १६४३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'पारादीसो मोनाकाले' मठजीवनाला स्वर्ग ठरवतो, तर 'इन्फेर्नो मोनाकाले' त्याच जीवनाला नरक म्हणतो. या विसंगतीचा उलगडा मनःपरिवर्तनाने किंवा दांभिकतेने करणे अपुरे ठरते. दोन्ही संहितांचा निकष एकच आहे : प्रवेश करणारीची इच्छा. भिंती त्याच, स्वर्ग आणि नरक यांतील भेद केवळ संमतीचा. मात्र स्वर्ग लेखिकेच्या हयातीत छापला गेला आणि नरक १९९० पर्यंत हस्तलिखितातच राहिला, हा भेद मुद्रणव्यवहाराच्या सत्ताकारणाचा आहे.

मुलींवर सक्ती करणाऱ्यास बहिष्कृत करण्याचा आदेश ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्येच दिला होता. व्रतग्रहणापूर्वी बिशपने मुलीची इच्छा तपासावी, असेही बंधन घातले होते. त्यामुळे ताराबोत्तीचे बंड धर्मतत्त्वाविरुद्ध नाही. ईश्वराने स्त्रीलाही दिलेले इच्छास्वातंत्र्य पिता हिरावून घेतो आणि राज्यहिताच्या नावाखाली शासन त्याला पाठीशी घालते, असा तिचा आरोप आहे. धर्माच्याच परिभाषेत ती धर्मव्यवहाराला आरोपी करते.

हा आरोप करणारा 'ला तिरान्निया पातेर्ना', म्हणजे 'पित्याचा जुलूम', तिच्या मृत्यूनंतर १६५४ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झाला, तो 'फसवला गेलेला भाबडेपणा' अशा अर्थाच्या शीर्षकाने. लेखिकेच्या नावाच्या जागी 'गालेराना बाराटोत्ती' हे अक्षरे फिरवून केलेले टोपणनाव होते. पुढे हा ग्रंथ चर्चच्या निषिद्ध यादीत गेला. नव्या शीर्षकातून जुलमी पिता अदृश्य होतो, ही हानी खरीच. तथापि, मूळ शीर्षकात नसलेले एक सूचन येथे प्रकट होते : बालपणापासून घडवलेली इच्छा बिशपपुढे 'होय' म्हणेल, पण ते 'होय' तिचे असेलच असे नाही. सक्तीला प्रत्यक्ष बळाची गरज उरत नाही.

येथे ताराबोत्तीचा स्वतःचा निकषही डळमळतो. इच्छाच घडवली जात असेल, तर स्वर्गात स्वेच्छेने शिरलेली स्त्री ओळखायची कशी? या प्रश्नाचे समाधान तिची संहिता करीत नाही. परंतु संमतीच्या नोंदीलाच स्वातंत्र्य मानणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेपुढे तो ती उभा करते.