पांढऱ्या पेशी खरेच सैनिक आहेत का?

‘पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या शरीराचे सैनिक’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेक शिक्षकांनी वर्गात कधी ना कधी उच्चारले असेल. विज्ञानविषयक लेखांतही ते वारंवार भेटते. जंतू म्हणजे शत्रू, त्वचा म्हणजे तट, ताप म्हणजे युद्ध आणि लस म्हणजे सैन्याची कवायत. मुलांना हे चित्र चटकन पटते, लक्षात राहते आणि उत्तरपत्रिकेत जसेच्या तसे उतरते. इतक्या उपयोगी पडलेल्या उपमेवर टीका करणे थोडे कृतघ्नपणाचे वाटेल. तरीही ती करायला हवी. हे चित्र जिथे अपुरे पडते असा एक आजार आज अनेक घरांत सोनोग्राफीच्या अहवालातून येऊन ठेपला आहे. अहवालावर शब्द असतात ‘फॅटी लिव्हर’.

आधी उपमेचे श्रेय तिला देऊ. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे मुक्काम करतो आणि पुढे काही जणांना यकृताचा कर्करोग होतो. तैवानने १९८४ साली नवजात बालकांसाठी या रोगाच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील मुलांमध्ये यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण घटल्याचे दिसले. इथे शत्रू बाहेरचा आहे, त्याची ओळख पटवता येते आणि कवायतीचा फायदा होतो. सैनिकांची उपमा इथे चपखल बसते.

आता फॅटी लिव्हरकडे वळू. यकृताच्या निदान पाच टक्के पेशींत मेदाचे थेंब साठलेले दिसले, की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. मद्यपींमध्ये हे होते, हे जुनेच ज्ञान. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील युर्गन लुडविग आणि सहकाऱ्यांनी २० रुग्णांच्या यकृताचे वर्णन प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली ही यकृते मद्यपींच्या यकृतासारखी दिसत होती. तसाच मेद आणि तसाच दाह. पण हे रुग्ण मद्यपी नव्हते. त्यांतील बहुतेक स्थूल होते आणि अनेकांना मधुमेहासारखे विकार होते. त्यानंतर या विकाराकडे स्वतंत्रपणे पाहिले जाऊ लागले. २०२३ साली त्याचे नाव बदलण्यात आले आणि चयापचयातील बिघाडाचा उल्लेख नावातच आला.

सैनिकांच्या उपमेने इथे एका साध्या प्रश्नाचे उत्तर द्यावे: शत्रू कोण? विषाणू नाही, जिवाणू नाही. मेद तर आपल्याच शरीराने साठवलेला. मग दाह कशाचा?

उत्तरासाठी यकृताची जागा लक्षात घेऊ. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येते. त्यातून अन्नाचे परके रेणू आणि आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडे सतत येत असतात. प्रत्येक परक्या रेणूवर तुटून पडायचे ठरवले, तर रोजचे जेवण हेच युद्ध होईल. म्हणून यकृतातील प्रतिकारयंत्रणा मुळात संयमी असते. तेथील कुप्फर पेशी बराचसा कचरा गाजावाजा न करता गिळून टाकतात.

मेदाचा भार वाढला की हा संयम सुटू लागतो. मेदाने भरलेल्या पेशींना इजा होते, काही मरतात. त्यांचे अवशेष साफ करायला भक्षक पेशी येतात, त्या इतर पेशींना हाक देतात आणि दाह सुरू होतो. जखम भरून काढण्यासाठी तंतू विणले जातात. उरलेल्या यकृतपेशी मेलेल्यांची जागा घेण्यासाठी विभागू लागतात. इजा एकदाच झाली असती तर यकृत पूर्ववत झाले असते. पण ती वर्षानुवर्षे चालू राहते. प्रत्येक विभाजनात जनुकांची नक्कल करताना चूक होण्याची शक्यता असते. अशा चुका साठत जाऊन एखादी पेशी कर्करोगाच्या वाटेला लागू शकते. बहुसंख्य लोकांत हा प्रवास मेदावरच थांबतो, हे वर्गात आवर्जून सांगायला हवे. यकृत तंतूंनी कठीण झालेल्या, म्हणजे सिऱ्होसिस झालेल्या रुग्णांत धोका बराच वाढतो. क्वचित त्या टप्प्याआधीही कर्करोग आढळतो.

‘मग सैनिक कर्करोगाच्या पेशी मारत का नाहीत?’ असे एखादी विद्यार्थिनी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि इथेच उपमा मोडते. २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी उंदरांत दाखवले, की फॅटी लिव्हरमध्ये एका प्रकारच्या टी-पेशी मरतात आणि कर्करोगाला वाट मोकळी होते. म्हणजे रक्षकच कमी पडतात. २०१७ साली कॅलिफोर्नियातील मायकेल करीन यांच्या गटाला मारक टी-पेशी उंदरांचे कर्करोगापासून रक्षण करताना दिसल्या. पण २०२१ साली जर्मनीतून आलेल्या दोन शोधनिबंधांनी दुसरी बाजू मांडली. म्युनिकच्या गटाला असे दिसले, की मेदाने ग्रासलेल्या यकृतात काही मारक टी-पेशी ओळख न पटवताच समोरच्या पेशी मारतात. हायडेलबर्गच्या गटाने अशाच उंदरांतून मारक टी-पेशी काढून टाकल्या, तेव्हा कर्करोग कमी झाला. उलट या पेशींवरचा लगाम सैल करणारे औषध दिले, तेव्हा तो वाढला.

लगाम सैल करण्याचे हे तंत्र साधेसुधे नाही. त्यामागच्या संशोधनासाठी २०१८ साली जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना नोबेल मिळाले आणि अनेक रुग्णांना त्याचा लाभ झाला आहे. हायडेलबर्गच्या गटाने यकृत कर्करोगाच्या तीन मोठ्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली. विषाणूजन्य कर्करोगात या औषधांचा फायदा दिसला, इतर कारणांच्या कर्करोगात तो स्पष्ट दिसला नाही. पुढच्या सर्वच चाचण्यांत हा फरक आढळलेला नाही. त्यामुळे रुग्णाने औषध नाकारावे असा याचा अर्थ नव्हे. पण एकच पेशी एका परिस्थितीत रक्षण करते आणि दुसरीत इजा, एवढे यातून दिसते. ‘सैनिक जितके जास्त तितके चांगले’ हे गणित मात्र टिकत नाही.

या गणिताची किंमत आपण मोजलेलीही आहे. २०२० च्या साथीत ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा मंत्र घरोघर पोचला. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. या इजेत प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. २०२१ साली ही माहिती प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली. वापरलेली वनस्पती नेमकी कोणती होती याची तपासणी झाली नव्हती, असा त्यांचा आक्षेप होता. सहा रुग्णांवरून अंतिम निवाडा होत नाही, हे खरेच. पण वाढवलेली शक्ती कोणावर चालेल, हा प्रश्न त्या साथीत किती जणांना पडला? तो पडू नये अशीच सोय आपल्या उपमेने करून ठेवली होती.

गंमत अशी, की भक्षक पेशींचा सिद्धांत मांडणाऱ्या इल्या मेचनिकॉव्ह यांनी बेडकाच्या पिल्लाचे शेपूट नाहीसे होताना त्याच पेशी काम करताना पाहिल्या होत्या. तिथे शत्रू नव्हताच. जुने अवयव मोडून नवे शरीर घडत होते. आपण त्यांच्या कामातली लढाई तेवढी उचलली.

मग वर्गात काय सांगावे? माझी सूचना अशी. सैनिकांची उपमा संसर्गजन्य रोगांच्या पाठापुरती ठेवावी. त्याच तासाला आणखी तीन कामे फळ्यावर लिहावीत: साफसफाई, डागडुजी आणि संयम. रोज मोडणारी भिंत रोज लिंपत राहिलो तर काय होईल, हे मुलांना विचारावे. गवंडी वाढवण्यापेक्षा भिंत का मोडते ते पाहावे, हे उत्तर मुलेच देतील. फॅटी लिव्हरमध्ये नेमके हेच खरे आहे. वाढलेले वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरले, म्हणजे ८० किलोच्या माणसाचे सहा ते आठ किलो कमी झाले, तर यकृतातील मेद आणि दाह अनेकांत ओसरतो.

हे शिकवताना वर्गातल्या जाड मुलाकडे मात्र बोट दाखवू नये. दिसायला सडपातळ माणसांच्या यकृतातही मेद साठतो. आणि आपण दिलेली नवी उपमा कुठे तोकडी पडते, तेही मुलांना शोधायला सांगावे.