‘ऊमरा’ : व्यापारी नावाच्या रूपांतराचा विचार
अमरावतीचे जुने नाव उमरावती. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई, तो त्यावरूनच. परदेशी गिऱ्हाइकासाठी व्यापार आपली भाषा कशी वळवितो, याचा हा बोलका नमुना होय. मापांतही तीच प्रवृत्ती दिसते. मुंबईच्या कापूसबाजारातील खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे बरोबर ७ इंग्रजी हंड्रेडवेटची होती. अशी सोय परक्याशी व्यवहार करताना आवश्यकच असते, हे मान्य केले पाहिजे.

तथापि मापाचे रूपांतर आणि नावाचे रूपांतर यांत मूलतः भेद आहे. माप बदलले तरी वजन तेच राहते. नाव बदलले की मालाची ओळखच बदलते. ‘ऊमरा’ या एका नावाखाली अकोला, खामगाव, इतकेच नव्हे तर खानदेशचाही कापूस जाऊ लागला. त्यामुळे एकाच्या भेसळीचा दोष सर्वांच्या माथी आणि उत्तम प्रतीचे श्रेय मात्र कोणत्याच गावास नाही, अशी स्थिती संभवली.

आज वऱ्हाडातील व्यापारी परदेशी ग्राहकासाठी संकेतस्थळ रचील, तेव्हा त्याने हाच विवेक बाळगावा. माप, चलन व दिनांक वाचकाच्या सोयीने द्यावेत. गावाचे व वाणाचे नाव मात्र आपलेच ठेवावे.