मोह सोडा म्हणणाऱ्याचे वाचन



चाळीस वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. ज्ञानेश्वरी, नाथभागवत आणि गाथा, या तिन्हींच्या बाहेर फारसे वाचले नाही आणि त्याची खंतही वाटली नाही. आळंदीला शिकताना गुरुजी सांगत, एकच विहीर खोल खण, दहा ठिकाणी खड्डे करू नकोस. ते खरेच होते. आता सत्तरी उलटली, आवाज बसला, कीर्तन थांबले. नातू वाचनालयातून पुस्तके आणू लागला आणि मी ती चाळू लागलो. त्यांतल्या चार पुस्तकांविषयी लिहितो, कारण त्यांनी माझीच एक जुनी चूक माझ्या पदरात घातली.

गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याकडच्या एका गावी चैत्रात सप्ताह होता. पहाटे काकड्याला माणसेच येईनात. सगळे गाव मोहाची फुले वेचायला रानात. मला राग आला. रात्री कीर्तनात शब्दावर कोटी करून सांगितले की ज्याचे नावच मोह, ते आधी सोडा. टाळकऱ्यांनी माना डोलावल्या. कीर्तन संपल्यावर एक म्हातारी माय पाया पडली आणि म्हणाली, “महाराज, मोह सोडला तं उन्हाळ्यात खाचं काय?” लोक हसले, मीही हसलो. मला तो विनोद वाटला.

त्याच सप्ताहात तुकोबांचा झाडावेलींना सोयरे म्हणणारा अभंग मी दोन तास सोडवला होता. सोयऱ्यांतल्या एकाचेही नाव घेतले नव्हते. मोह मला ठाऊक होता तो फक्त दारूचा.

पुढे हाती आले डॉ. राणी बंग यांचे ‘गोईण’. गोईण म्हणजे जिवाची मैत्रीण. गडचिरोलीच्या बायका आणि त्यांच्या भोवतीची झाडे, हा त्याचा विषय. घरातल्या माणसाविषयी बोलावे तशा या बायका झाडांविषयी बोलतात. डॉक्टर असून लेखिका शिकवायला बसत नाहीत, ऐकायला बसतात, हा या पुस्तकाचा मोठा गुण. एका बैठकीत संपवायचे हे पुस्तक नव्हे. ओवीसारखे थोडे वाचावे आणि बाहेर जाऊन झाड पाहावे. मी तसेच केले. पहाटे गळलेली मोहफुले ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, उशीर झाला की गुरेढोरे खाऊन जातात. फूल वाळवून ठेवले की अडीअडचणीला पोटाला होते, बियांचे तेल निघते. त्या पहाटे काकड्याला न आलेली माणसे आळशी नव्हती, वर्षाची बेगमी करीत होती.

दुसरे पुस्तक मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’. मेंढा (लेखा) हे धानोरा तालुक्यातलेच गाव. २००९ साली त्याला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांची संमती लागते, आणि त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घेतात. कायद्याची चर्चा येते तिथे माझ्यासारखा अडखळतो, हे खरे. पण आमच्या कितीतरी दिंड्यांत मानपानावरून होणारी भांडणे मी पाहिली आहेत. एकमेकांच्या पाया पडणाऱ्या आपणा वारकऱ्यांना या गावाकडून एकमत शिकण्यासारखे आहे.

तिसरी कादंबरी, विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’. कादंबरी म्हणजे खोटी गोष्ट, असे मी मानत आलो होतो. मग मनात आले, कीर्तनातला दृष्टांत तरी काय असतो? दृष्टांतातला माणूस घडलेला असावा लागत नाही, दृष्टांत लागू पडावा लागतो. भोळा माडिया तरुण बंदुकीपर्यंत कसा पोचतो, हे वाचताना जीव कळवळतो. बंदुकीचे समर्थन म्हणून हे वाचू नये. अन्यायाने माणसाचे काय होते, ते पाहण्यासाठी वाचावे. याच लेखकाचे ‘नेगल’ हे हेमलकशाच्या प्राण्यांचे पुस्तक नातवंडांना वाचून दाखवण्याजोगे आहे. नेगल हा बिबट्या. भूतदया हा शब्द मी हजारदा उच्चारला, पण वाघराला घरात वाढवायचे म्हणजे काय, ते तिथे कळले.

काही माउली विचारतात, महाराज, या वयात दुसरी पुस्तके कशाला? नामात काय उणे पडले? नामात काही उणे नाही. उणे माझ्या समजुतीत होते. सगळीच नवी पुस्तके चांगली असतात असेही नाही. कित्येक मी दहा पानांत मिटली. माझी कसोटी साधी आहे. पुस्तक मिटल्यावर गाथा उघडावी. ओळखीचा अभंग पूर्वीपेक्षा खोल लागला, तर ते पुस्तक संतसंगतीला जवळचे. गाथा उघडावीशीच वाटली नाही, तर ते परत करावे. गुरुजींची विहीर मी सोडली नाही. तिला पाणी ज्या झऱ्यांतून येते, ते आता शोधतो आहे.

नवे पुस्तक निवडताना एवढेच करा. आपल्या जिल्ह्याविषयी कोणी लिहिले आहे, ते आधी विचारा. जवळचे माणूस आपण सर्वांत कमी वाचलेले असते. एकादशीला हरिपाठ झाल्यावर दोन पाने वाचा आणि निरक्षर असेल त्याला मोठ्याने वाचून दाखवा.

ती माय आता असेल, नसेल. तिचे नावही मी विचारले नव्हते. आवाज असता तर त्याच गावी त्याच अभंगावर पुन्हा उभा राहिलो असतो आणि सोयऱ्यांत पहिले नाव मोहाचे घेतले असते. आवाज नाही, म्हणून हे लिहून पाठवले. त्या बाजूच्या कोणी वाचले तर तिला किंवा तिच्या लेकीसुनांना सांगावे, महाराजांना तुमचा प्रश्न उशिरा कळला.

रामकृष्णहरी.