ग्राफीन, बर्फ आणि तळेगावची शीतगृहे

तळेगाव दाभाडे येथे उघड्यावरचे पाणी गोठत नाही. तेव्हा पृष्ठभागावरील बर्फ काढण्याच्या साधनांची चर्चा मावळच्या संदर्भात करणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु येथील फ्लोरिकल्चर पार्कमध्ये आणि आसपासच्या पॉलीहाऊसांत पिकणारा गुलाब तोडणीनंतर 2 ते 4 अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत ठेवावा लागतो, आणि त्या खोलीतील थंड नळ्यांवर बर्फ धरणे ही नित्याची गोष्ट आहे. बादल्यांतील पाणी, फुलांचा स्वतःचा ओलावा आणि दार उघडताच आत शिरणारी दमट हवा यांमुळे हा थर वाढत जातो, हवेची वाट बुजते आणि कॉम्प्रेसर व्यर्थ चालत राहतो. फेब्रुवारीतील निर्यातीच्या आधी, जेव्हा दार सर्वांत अधिक वेळा उघडते, तेव्हाच हा त्रास सर्वांत अधिक होतो.

अशा ठिकाणी ग्राफीनयुक्त तापक लेपाची स्तुती आकर्षक वाटावी, हे स्वाभाविक आहे. 2004 मध्ये गाइम आणि नोवोसेलोव यांनी मँचेस्टर येथे ग्रॅफाईटपासून एका अणूच्या जाडीचा पापुद्रा वेगळा केला. 2010 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे 2016 मध्ये अमेरिकेतील राईस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने ग्राफीनच्या सूक्ष्म फिती एपॉक्सी राळेत मिसळून त्यांचा लेप हेलिकॉप्टरच्या पात्याच्या तुकड्यावर दिला, आणि उणे 20 अंशांच्या हवेत, विद्युत्प्रवाहाच्या योगाने, सुमारे एक सेंटीमीटर जाडीचा बर्फ वितळविला. फितींचे प्रमाण पाच टक्क्यांहून अधिक नव्हते. प्रयोग उत्तम आहे. आक्षेप आहे तो त्यावरून काढल्या जाणाऱ्या अनुमानांवर.

एक किलो बर्फ शून्य अंशाला वितळविण्यास सुमारे 334 किलोज्यूल उष्णता लागते. ही अप्रकट उष्णता बर्फाची आहे, तापकाची नव्हे; तार नायक्रोमची असो वा लेप ग्राफीनचा, तीत सूट मिळत नाही. विजेचे एक युनिट म्हणजे 3600 किलोज्यूल. म्हणजे एका युनिटमध्ये जास्तीत जास्त पावणेअकरा किलोच्या आसपास बर्फ वितळेल, आणि तेही तसूभर उष्णता अन्यत्र न गेल्यास. ‘कमी विजेत अधिक बर्फ’ असे जे लिहिले जाते, त्याला ही मर्यादा विसरून चालणार नाही.

मर्यादा टाळण्याची एकच वाट आहे: सगळा बर्फ वितळवूच नये. एक चौरस मीटरवरील एक सेंटीमीटरचा थर सुमारे नऊ किलोंचा असतो. त्यातील पृष्ठभागाला चिकटलेला मिलिमीटरचा दशांशच सुटला, तर निव्वळ हिशेबाने शंभरावा हिस्सा उष्णता पुरते. बाकीचा बर्फ आपल्या वजनाने, वाऱ्याने किंवा फिरत्या पात्याच्या केंद्रोत्सारी प्रेरणेने निघून जातो. पातळ, हलका आणि सर्वत्र सारखा तापणारा लेप येथे खरोखर उपयोगी आहे. परंतु हे श्रेय द्रव्यापेक्षा त्याच्या जागेचे आहे. राईस येथील पाते तर स्थिर होते; या युक्तीचा मुख्य लाभ त्या परीक्षेत दिसण्यास वावच नव्हता.

शीतगृहात ही वाट जवळजवळ बंद असते. तेथील बर्फ काचेसारखा घट्ट नसून भुसभुशीत असतो आणि नळ्यांवरील ॲल्युमिनियमच्या दाटीवाटीने बसविलेल्या पातळ पत्र्यांच्या मध्ये अडकलेला असतो. सुटलेला थर पडणार कोठे? शिवाय हे पत्रे धातूचे. विद्युत्‌वाहक लेप त्यांवर सरळ दिला तर प्रवाह धातूतूनच निघून जाईल, म्हणून मध्ये निरोधक थर हवा. मुळात ॲल्युमिनियम स्वतःच उष्णता चांगली पसरविते. पात्याच्या राळेत जी उणीव लेपाने भरून निघते, ती येथे नाहीच.

फुलांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची बाब निराळी. बर्फ काढताना जी उष्णता वाया जाते ती खोलीतच राहते आणि यंत्राला ती पुन्हा बाहेर टाकावी लागते. वीज दोनदा खर्च होते. तेवढ्या वेळात हवा उबदार व दमट होऊन पाकळ्यांवर पाणी धरले, तर बोट्रायटिस बुरशीला निमंत्रण मिळते. तोडणीपर्यंत निर्दोष असलेला गुलाब पेटीत डागाळतो तो अशा कारणांनीही. सौम्य व नेमकी उष्णता देणारे साधन येथे हवेच आहे, आणि ग्राफीनची बाजू मांडायची तर ती याच मुद्द्यावर मांडली पाहिजे.

काचेवर मात्र दावा अधिक बळकट आहे, कारण काच निरोधक असते आणि लेप पारदर्शक लागतो. (पैसा फंडाच्या काच कारखान्यामुळे 1908 पासून काचेसाठी ओळखल्या गेलेल्या गावात हे सांगणे अप्रस्तुत ठरू नये.) तेथेही टिन ऑक्साईडचा लेप फार पूर्वीपासून हे काम करीत आलेला आहे, ग्राफीनची तुलना त्याच्याशी झाली पाहिजे, उघड्या काचेशी नव्हे.

शीतगृहापुरती परीक्षा अवघड नाही. डीफ्रॉस्टच्या वेळी किती युनिटे खर्ची पडली ते मीटरवर पाहावे, निचऱ्याच्या नळीखाली बादली ठेवून पाणी मोजावे, आणि फुलांच्या उंचीवर तापमान किती चढले ते टिपावे. जुन्या तापक कांड्यांसह आणि नव्या लेपासह, एकाच खोलीत, जानेवारीच्या अखेरीस आणि पुन्हा पावसाळ्यात, हे तीन आकडे मांडले गेल्यावाचून लेपाची किंमत ठरविता येणार नाही.